मधली जागा

“काय म्हणाला तो?” काकूंनी माझ्याकडे झुकून हळूच विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच, मग आणखी एकदा. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडून दिलं. मित्राने नवं होम थिएटर बसवलं होतं आणि ते ऐकवायला आम्हां चार-सहा जणांना घरी बोलावलं होतं. कित्येक महिने वाचून, विचारून, ठिकठिकाणी ऐकून त्याने एकेक स्पीकर निवडला होता, आणि त्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. “मध्ये बसल्याशिवाय कळायचं नाही,” असं म्हणत तो प्रत्येकाला पाळीपाळीने सोफ्याच्या मधल्या जागेवर बसवत होता. मीही बसून आले होते. पाऊस सगळ्या खोलीभर पडत होता, डाव्या खांद्यामागून एक गाडी आली आणि उजवीकडे निघून गेली, कुणी कुजबुजलं ते थेट पडद्यातून ऐकू आलं. अंगावर काटा आला होता. मग पुढच्याची पाळी आली म्हणून उठले आणि काकूंच्या शेजारी, सोफ्याच्या डाव्या टोकाला जाऊन बसले, तर तिथे वेगळाच सिनेमा चालू होता. पाऊस फक्त डाव्या कानात पडत होता, कारण डावीकडचा सराउंड, म्हणजे बाजूने-मागून आवाज देणारा, स्पीकर आमच्या डोक्यांपासून जेमतेम हातभर लांब होता. पडद्यावरची माणसं टीव्हीखालच्या कपाटाच्या पोटातून बोलत होती, दबकी आणि घोगरी. काकू आता पडद्याकडे कमी आणि आमच्या चेहऱ्यांकडे जास्त बघत होत्या. आम्ही हसलो की हसायच्या, गप्प झालो की गप्प व्हायच्या. सिनेमा संपल्यावर म्हणाल्या, “छान आहे हो. माझेच कान गेले आता.” आणि मघाशी याच काकू आतल्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होत्या, अगदी हळू आवाजात, एकही शब्द पुन्हा न विचारता.

माझेच कान गेले आता. हे वाक्य पुढे बरेच दिवस मला सोडेना.

होम थिएटरचा कुठलाही आराखडा उघडून बघा. चौकोनी खोली, समोर पडदा, भोवती स्पीकर, आणि मधोमध एक डोकं. एकच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी शिफारस जगभर पायाभूत मानली जाते, तिच्यात त्या डोक्यापासून कोन मोजलेले आहेत: सेंटर, म्हणजे मधला स्पीकर बरोबर समोर, डावा-उजवा प्रत्येकी ३० अंशांवर, सराउंड १०० ते १२० अंशांवर, सगळे एका वर्तुळावर. हे कोन चुकीचे नाहीत. चित्रपटाचा आवाज जिथे मिसळला जातो त्या खोलीतही मांडणी साधारण अशीच असते, आणि मिसळणाऱ्याने जे ऐकलं त्याच्या जवळ जायचं तर आपल्याला याच कोनांपासून सुरुवात करावी लागते. पण घरातला सोफा तिघांचा, शेजारी एक-दोन खुर्च्या, आणि मुलं जमिनीवर. वर्तुळाच्या केंद्रात एकाच माणसाचं डोकं मावतं. बाकीच्यांचं काय होतं हे आराखड्यात कुणी काढून दाखवत नाही, म्हणून मी एकदा कागदावर काढलं.

समजा डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांपासून २.४ मीटरवर आहेत आणि ऐकणारा तेवढ्याच अंतरावर, म्हणजे समभुज त्रिकोण झाला. मधल्या माणसापर्यंत दोन्हींचा आवाज एकाच क्षणी पोचतो आणि दोन्हींतून सारखाच आलेला स्वर त्याला मधोमध, जिथे मुळात काहीच नाही तिथून, ऐकू येतो. आता सोफ्याच्या डाव्या टोकाला, मध्यापासून ९० सेंटिमीटर सरकून बसा. डावा स्पीकर २.१ मीटरवर येतो, उजवा जवळजवळ ३ मीटरवर जातो. फरक ८५ सेंटिमीटरचा. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजव्याचा आवाज अडीच मिलिसेकंद उशिरा येतो. अडीच मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण कानाला तेवढं पुरतं. किंबहुना एक मिलिसेकंदही पुरतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात हे नीट मोजून मांडलं: तोच आवाज दोन ठिकाणांहून आला तर मेंदू आधी आलेल्यावर विश्वास ठेवतो, आणि मागून आलेला बराच मोठा असला तरी त्याला वेगळा आवाज म्हणून मोजत नाही. म्हणून टोकाला बसलेल्याच्या दृष्टीने मधोमधचा माणूस मधोमध उरतच नाही. तो उचलून डाव्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो.

यावरचा उपाय सिनेमावाल्यांना फार पूर्वी सापडला होता. १९३३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या लोकांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. तिथे रंगमंचावर वादक नव्हते, स्पीकरचे तीन संच होते: डावा, उजवा आणि मधला. वाद्यवृंदाचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या दिवशी वादकांपुढे उभे नव्हते, ते वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाची बटणं सांभाळत होते. त्या प्रयोगामागचे लोक दोनवर थांबू शकले असते. पण सभागृहात शेकडो माणसं असतात आणि त्यांतली बहुतेक मध्यावर बसलेली नसतात. दोनच स्पीकर ठेवले तर त्यांना मधली जागा पोकळ वाटते. मधला स्पीकर आला तो त्या बाजूच्या माणसांसाठी. हे वाचलं तेव्हा मला लहानपणचं थिएटर आठवलं. उशीर झाला की आम्हांला पुढच्या रांगांतल्या अगदी कडेच्या खुर्च्या मिळायच्या. मान वाकडी करून बघावं लागे, पडदा तिरका दिसे, माणसं उभट दिसत. पण बोलणं कधी चुकलं नाही. प्रत्येक शब्द बोलणाऱ्याच्या तोंडातून यायचा, कारण पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि त्यामागे, बरोबर मध्ये, स्पीकर उभा असतो. आई कुठेही बसली तरी तिला कधी कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं.

याच्याही आधी, १९३१ मध्ये, ॲलन ब्लमलाइन नावाचा ब्रिटिश अभियंता बायकोबरोबर सिनेमाला गेला होता, असं सांगतात. बोलपट नवे होते. नट पडद्याच्या एका कडेला आणि त्याचा आवाज एकाच ठरावीक जागेवरून, हे त्याला खुपलं आणि आवाज माणसामागे चालवण्याचा मार्ग आपल्याकडे आहे असं तो तिला म्हणाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने पेटंटचा अर्ज केला आणि आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया त्या अर्जात आहे. १९४२ मध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला. तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता, आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला अजून पंधरा वर्षं होती. मला त्याची गोष्ट फार जवळची वाटते, कारण ती प्रयोगशाळेत सुरू होत नाही. ती सिनेमा बघणाऱ्या माणसाच्या खुर्चीत सुरू होते.

घरात मात्र या मधल्या स्पीकरच्या वाट्याला उरलेली जागा येते. डावा-उजवा दिमाखात उभे, आणि सेंटर टीव्हीखालच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या शेजारी, कप्प्यात चार बोटं आत ढकललेला. चित्रपटातले जवळजवळ सगळे संवाद तोच बोलतो, तरीही. कप्प्याच्या भिंती त्याचा आवाज फुगवतात, वरची फळी त्याचं तोंड अर्धं झाकते, आणि स्पीकर गुडघ्यांकडे बघत असतो. यातलं बरंच काही विनाखर्चाचं आहे: त्याला कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढायचं, पुढच्या बाजूने खाली रबराचे तुकडे सरकवून त्याचं तोंड बसलेल्या माणसांच्या कानांकडे वर करायचं, आजूबाजूची पोकळी भरायची. मी ज्या ज्या घरी हे केलं आहे, तिथल्या माणसांनी पहिल्या पाच मिनिटांत आवाज दोन-चार घरं कमी केला आहे. आवाज वाढवून वाढवून ते जे शोधत होते ते मोकळ्या व्यंजनांत होतं. मराठी बोलण्यातले स, श, त, ट, क ओळखू येतात ते साधारण २००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला २००० कंपनांच्या) वरच्या बारीक आवाजावर, आणि कप्प्याच्या पोटात आधी तोच गुदमरतो.

पण सेंटरची एक खोड जागा बदलून जात नाही, ती निवडतानाच टाळावी लागते. बहुतेक सेंटर आडवे असतात, कारण टीव्हीखाली आडवीच जागा असते: मध्ये बारीक सुरांचा छोटा ट्वीटर, दोन्ही बाजूंना खालच्या सुरांचा एकेक वूफर. दिसायला नेटकं. आता हे दोन्ही वूफर एकच स्वर काढत असताना समोर मध्यात बसलेल्याला दोन्ही सारख्याच अंतरावर असतात. बाजूला बसलेल्याला नसतात. वूफरांमध्ये ३० सेंटिमीटरचं अंतर धरलं तर आपल्या त्या डाव्या टोकाच्या माणसासाठी, जो २३-२४ अंश बाजूला आहे, एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर जास्त चालून येतो. १४०० हर्ट्झच्या आसपास ही बरोबर अर्धी तरंगलांबी होते, आणि दोन वूफर एकमेकांना खोडून टाकतात. बोलण्याच्या ऐन मध्यावर खड्डा पडतो. मधल्या खुर्चीवर बसून हा स्पीकर तासभर ऐका, तुम्हांला तो खड्डा सापडणार नाही. तो फक्त टोकाच्या माणसासाठी आहे. काकूंच्या समोरचा सेंटर असाच होता.

म्हणून कुणी विचारलं की मी सांगते, जागा असेल तर सेंटरला आडवा स्पीकर नकोच. डाव्या-उजव्यासारखाच तिसरा बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारा छोटा, स्पीकर उभा ठेवा. टीव्ही भिंतीवर थोडा वर गेला तरी चालेल. ते जमत नसेल तर ज्यात मधल्या स्वरांसाठी वेगळा छोटा स्पीकर ट्वीटरच्या खाली किंवा वर बसवलेला आहे असा घ्या, किंवा ज्यात ट्वीटर वूफरच्या पोटातच आहे असा. आणि पुढचे तिन्ही एकाच मालिकेतले घ्या. माणूस बोलत बोलत पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेला तर वाटेत त्याचा गळा बदलता कामा नये.

निवडीबद्दल लोक जेवढं बोलतात तेवढं मला बोलवत नाही, कारण ऐकायचं कसं हे ठरल्याशिवाय काय घ्यायचं ते ठरत नाही. ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर उद्योगात उभं आयुष्य याच प्रश्नावर घालवलं. पडद्याआड स्पीकर ठेवून, सगळ्यांचा आवाज सारखा करून, माणसांना फक्त ऐकवायचं आणि गुण द्यायला सांगायचं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की तेच लोक, तेच स्पीकर, फक्त पडदा काढला की गुण बदलतात. आकार आणि नाव दिसलं की कान त्यांचं ऐकायला लागतो. पडदा असताना मात्र वेगवेगळ्या आवडीनिवडींची माणसं आश्चर्य वाटावं इतकी एकमताची होतात. त्यांना आवडतो तो स्पीकर समोरून सपाट, कुठलाही सूर वर-खाली न करणारा असतो, आणि बाजूनेही त्याचा आवाज समोरच्यासारखाच, हळूहळू आणि सारखा उतरत जाणारा असतो. हे दुसरं वाक्य मी कितीतरी वेळा पुन्हा पुन्हा वाचलं आहे. बाजूचा आवाज चांगला हवा, कारण तो भिंतींवर आपटून सगळ्यांकडेच येतो. आणि टोकाला बसलेल्यासाठी तर बाजूचा आवाज हाच समोरचा आवाज असतो. तेव्हा दुकानात स्पीकर ऐकताना समोरच्या खुर्चीतून उठा. बाजूला जाऊन उभ्या राहा, आवाज न बदलता बातम्यांसारखं साधं बोलणं लावा आणि ऐका. धाडधाड आवाजाची दृश्यं सगळ्याच स्पीकरवर छान वाटतात. आणि दोन स्पीकर तोलताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या, नाहीतर जो जरा मोठा वाजेल तो चांगला वाटेल. हे प्रत्येकाच्या कानाचं होतं.

वॉटचे आकडे मी फारसे बघत नाही. शक्ती दुप्पट केली तर जेमतेम ३ डेसिबल (डेसिबल हे आवाजाचं माप) मिळतात. ८५ ऐवजी ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच शक्तीत जास्त मोठा वाजणारा, स्पीकर घेतला तर तेच ३ डेसिबल ॲम्प्लिफायर न बदलता मिळतात. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या टॉवर स्पीकरचंही तसंच. सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा स्पीकर, घेणारच असाल तर ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याच्याकडे जातं, आणि मग चांगला बुकशेल्फ घरातल्या खोलीला बहुतेक वेळा पुरतो. ही ८० हर्ट्झची रेघ सिनेमाच्या आवाजाचे अभियंते टॉमलिन्सन होल्मन यांच्या कामातून रूढ झाली. त्याखालचा आवाज कुठल्या दिशेने आला हे कानाला फारसं सांगता येत नाही, म्हणून सबवूफर कुठेही ठेवता येतो असं म्हणतात.

कुठेही ठेवता येतो, पण कुठेही ठेवून चालत नाही.

आमच्या वडिलांचा एक रेडिओ होता. आधी तो टेबलावर असायचा. एकदा घर आवरताना तो खोलीच्या कोपऱ्यातल्या फळीवर गेला आणि संध्याकाळी लावल्यावर सगळे थबकले. तोच रेडिओ, पण निवेदकाचा आवाज भरदार झाला होता, तबल्याच्या बायाला पोट आलं होतं. वडील फार खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो हातात घेऊन खोलीभर फिरवून पाहिला, भिंतीपाशी, खिडकीपाशी, पुन्हा मध्ये, आणि शेवटी कोपऱ्यातच ठेवला. मी त्यांच्या मागे मागे फिरत होते. भिंत जवळ आली की खालचे सूर पसरायचे ते त्या बाजूला पसरू शकत नाहीत, परत फिरून आपल्याकडे येतात. कोपऱ्यात दोन भिंती आणि फळी मिळून तेच आणखी जोरात करतात, हे मला फार नंतर समजलं. पण खोली हेच एक वाद्य आहे ही जाणीव मला त्या संध्याकाळी झाली, आणि ती वडिलांच्या चेहऱ्यावरून झाली.

खोलीचा अभ्यास ज्याने प्रथम नेटाने केला त्या वॉलेस सेबिनचं काम मला कथेसारखं वाटतं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यान कक्षात कुणाचं बोलणं कुणाला कळेना, कारण एकदा काढलेला आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सेबिन हा तिथला तरुण भौतिकशास्त्रज्ञ. त्याला सांगितलं, यावर काहीतरी कर. त्याने एक ऑर्गनची नळी आणि वेळ मोजायचं साधन घेतलं आणि रात्रीच्या शांततेत काम सुरू केलं. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो आणि मदतनीस रात्री उचलून आणायचे, कक्षात एकेक रांग मांडत जायचे आणि प्रत्येक वेळी घुमणं किती कमी झालं ते मोजायचे. सकाळी सगळ्या गाद्या परत जागेवर. मोजणाऱ्याच्या अंगावरचे कपडेही आवाज पितात हे लक्षात आल्यावर तो मोजताना नेमाने तेच कपडे घालू लागला. त्याच्या आकड्यांवर पुढे १९०० मध्ये बॉस्टनचं सिम्फनी हॉल उभं राहिलं, ते आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणलं जातं. घरात आपण मोठे स्पीकर आणतो आणि पडदा, गालिचा, पुस्तकांचं कपाट यांना सजावट समजतो. उघड्या फरशीची, रिकाम्या भिंतींची खोली असेल तर निम्मा खर्च गालिचावर आणि जाड पडद्यांवर करा असं मी हक्काने सांगते. भिंतीवर नेमकं कुठे काही लावायचं हे कळायला एक आरसा पुरतो: तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याने आरसा भिंतीला लावून सरकवत न्यावा, जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज उसळून तुमच्याकडे येतो. हे फक्त मधल्या खुर्चीत बसून करू नका. प्रत्येक खुर्चीचा आरसा वेगळ्या जागी थांबतो.

गालिचा वरच्या सुरांना आवरतो, खालच्यांना नाही. ५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये अडकतो आणि तिथेच झुलत राहतो. भरलेली घमेली दोन्ही हातांनी हलवली की पाणी कडांना चढतं-उतरतं आणि मधल्या रेघेवर जवळजवळ स्थिर राहतं, तसं. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तो सूर छातीवर येतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलेल्याला तो ऐकूच येत नाही. दोघंही एकाच खोलीत आहेत, एकच सबवूफर ऐकत आहेत, आणि दोघांचं भांडण होऊ शकतं की बेस जास्त आहे की कमी. दोघंही खरं सांगत असतात. सबवूफरसाठी जागा शोधायची जुनी रीत मला फार आवडते: सबवूफर उचलून सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, खालच्या सुरांचं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरत ऐकायचं. जिथे बेस सगळ्यांत सरळ, एकही सूर न फुगता ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. पण या रीतीतही खुर्ची एकच आहे. सगळ्या सोफ्याला सारखा बेस द्यायचा तर एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम चांगले, कारण दोन जागांवरून आलेले सूर एकमेकांचे चढउतार भरून काढतात. ते जास्त जोरात वाजतात म्हणून मला दोन नको आहेत. मला ते हवेत, कारण त्यांच्यामुळे एका खुर्चीपासून दुसऱ्या खुर्चीपर्यंतचा फरक कमी होतो.

सराउंडचं मी थोडक्यात सांगते. टोकाच्या माणसाच्या कानाशी स्पीकर आला की बाकी सगळं त्याच्यासाठी संपतं. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे हातभर अंतरावरचा स्पीकर किती अंगावर येत असेल बघा. म्हणून मी सराउंड कानाच्या पातळीपेक्षा चांगला दीड-दोन फूट वर लावते, जेणेकरून जवळच्या आणि लांबच्या डोक्यांपर्यंतच्या अंतरात फार तफावत राहू नये. छतावरच्या स्पीकरबद्दल माझं मन अजून दुभंगलेलं आहे. वरूनही आवाज देणारी डॉल्बी ॲटमॉस ही पद्धत २०१२ मध्ये थिएटरांत आली आणि दोन वर्षांत घरी पोचली. वरून येणारा पाऊस पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वर बघितलं होतं. तो आनंद खोटा नाही. पण ज्या घरात संवाद कळत नाहीत तिथे छताला भोकं पाडायला मी सांगणार नाही.

हल्लीचे रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारे डबे, मायक्रोफोन लावून स्वतःच सगळं मोजतात, अंतर, आवाज, खोलीचे दोष. ते चांगलं काम करतात. फक्त मायक्रोफोन कुठे ठेवायचा हे त्यांना आपण सांगतो, आणि बहुतेक लोक तो मधल्या खुर्चीवर आणि तिच्या आजूबाजूला वीतभर हलवून मोजणी संपवतात. रिसीव्हर मग त्याच खुर्चीसाठी खोली दुरुस्त करतो, आणि तिथला एखादा खड्डा भरताना दुसऱ्या खुर्चीवर डोंगर उभा करतो. पहिली मोजणी मध्ये घ्या, पण नंतर मायक्रोफोन सोफाभर फिरवा. मोजणी झाल्यावर सेंटर दोन-तीन डेसिबल वर करा, घरात वय झालेलं कुणी असेल तर नक्की करा. वयाबरोबर वरचे सूर खरोखर कमी ऐकू येतात, ते मी नाकारत नाही. माझ्यातली काटेकोर ऐकणारी बाई इथे थोडी अस्वस्थ होते. मिसळणाऱ्याने जो तोल ठेवला तो मी का बिघडवू, असं तिला वाटतं. रात्री आवाज बारीक ठेवून बघतानाही तिला तसंच वाटतं, जेव्हा मी रिसीव्हरचा रात्रीचा मोड लावते आणि मोठे आवाज खाली, छोटे वर येतात. पण हार्वी फ्लेचर आणि मन्सन यांनी, त्याच बेल प्रयोगशाळेत, त्याच १९३३ मध्ये दाखवलं होतं की आवाज बारीक केला की कानाला खालचे सूर इतरांपेक्षा फार जास्त कमी ऐकू येतात. म्हणजे मिसळणाऱ्याचा तोल कमी आवाजात तसाही राहत नाहीच. तो पुन्हा बांधावा लागतो, ऐकणाऱ्या माणसाकडे बघून.

माझ्या घरी डावा-उजवा स्पीकर लोकांना विचित्र वाटतात इतके आत वळवलेले आहेत. त्यांच्या रेषा मधल्या माणसाच्या पुढेच एकमेकींना छेदतात. त्यामुळे डाव्या टोकाला बसलेल्याकडे लांबचा उजवा स्पीकर सरळ बघतो आणि जवळचा डावा जरा तोंड फिरवून असतो; जवळचा आवाज लवकर येतो पण मंद, लांबचा उशिरा येतो पण उजळ, आणि पडदा पुष्कळसा जागेवर राहतो. मात्र या मांडणीत मधल्या जागेवरून काहीतरी गेलं आहे. तिथली रुंदी थोडी आटली, वाद्यांच्या मागची हवा कमी झाली. एकटीच संगीत ऐकायला बसते तेव्हा मला ते जाणवतं आणि हळहळही वाटते. कधी कधी स्पीकर सरळ करून ऐकते, मग पुन्हा वळवून ठेवते.

आता दुसरा सबवूफर आणायचा विचार आहे. एक समोरच्या भिंतीच्या मध्यावर आणि दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर, ही मांडणी खोलीच्या लांबीत अडकणारा तो पहिला सूर छान दाबते. पण आमच्या मागच्या भिंतीच्या मध्यावर दार आहे. म्हणजे तो दाराच्या उजवीकडे जाईल, किंवा दोन्ही बाजूच्या भिंतींवर समोरासमोर. दोन्ही करून बघायचं आहे. दार बंद असलं की बेस एका तऱ्हेने वागतो, उघडं असलं की दुसऱ्या. अर्धा सूर दारातून बाहेर निघून जातो. सिनेमा लावलेला असताना आमच्याकडे कुणी ना कुणी आत-बाहेर करतच असतं. म्हणून मोजणी दार उघडं ठेवूनच घेणार आहे.